एकवीस अनारसे आणि तेवीस देश

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवतेय आणि या नोव्हेंबरपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. इराणचं आखात मी फळ्यावर न बघता काढते. ओमानचं आखात, मधली चिंचोळी सामुद्रधुनी, तेल, खजूर, सगळं पाठ. दरवर्षी एखादं कार्टं विचारतंच, "बाई, तुम्ही गेलायत का तिकडे?" मग मी सांगते, माझा भाऊ आहे तिकडे, फुजैराला. तेवढ्यावर भागायचं.

या ब्लॉगवर आजवर कोकणातली देवळं, घाट आणि खाणावळी यांच्यापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. त्यामुळे बाई दुबईला गेल्या हे वाचून तुम्हाला हसू येईल. हसा. पण मी फिरायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. व्हिसा पर्यटकाचा होता, डोक्यावर टूर कंपनीची पिवळी टोपीसुद्धा होती. गेले होते ती विजयदादाला घरी बोलवायला.

दादा सहा वर्षं घरी आलेला नाही. बाबा गेले तेव्हा साथीमुळे विमानं बंद होती. अंत्यविधी त्याने फोनवर पाहिला, फोन मी धरला होता. पुढे विमानं सुरू झाली, दादाच्या पासपोर्टची पानं भरत गेली, पण त्यात चिपळूणची फेरी काही आली नाही. प्रत्येक मोठ्या सुट्टीत तो बायको-मुलीला घेऊन कुठल्यातरी देशात जातो आणि तिथून फोटो पाठवतो. बर्फातला फोटो बघून आई म्हणते, "कानाला काही बांधलेलं दिसत नाही." आई ब्याऐंशी वर्षांची आहे. ऑगस्टमध्ये ती न्हाणीघरात पडली आणि तेव्हापासून वॉकर घेऊन चालते. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी तिने मला विचारलं, "मी आहे तोवर येईल का गं तो?" याचं उत्तर फोनवर मागवत नाही. मी पासपोर्ट काढायला टाकला.

जाणाऱ्यांसाठी माहिती: व्हिसा टूर कंपनीच काढून देते, चार दिवसांत येतो. शाळेत नोकरी असेल तर परदेशी जायला ना-हरकत पत्र लागतं आणि त्याला व्हिसापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. मी टूर बेताने घेतली. पहिले चार दिवस अठरा जणांच्या गटाबरोबर दुबई आणि अबुधाबी, मग गट मुंबईला परत, मी फुजैराला दादाकडे आणि तिथून एकटी परत. दादाला फोन केला तेव्हा तो खूश झाला. "ये ना नीले, फक्त शुक्रवारी आम्ही निघतोय. नॅशनल डेची सुट्टी आहे ना, जॉर्जियाची तिकिटं काढलीत," म्हणाला.

आता अनारशांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. दिवाळीत आईने खुर्चीवर बसून अनारसे केले, ते आम्ही दोघींनी आणि शेजाऱ्यांनी खाल्ले. शाळा सुरू झाल्यावर, मी घरी नसताना, तिने पुन्हा घाट घातला. तीन दिवस तांदूळ भिजवले, कुटायला शेजारणीला बोलावलं, आणि एका संध्याकाळी मी घरी आले तर घरभर तुपाचा वास आणि टेबलावर एक डबा. डबा तिने जुन्या धोतरात गुंडाळून चारही बाजूंनी दुहेरी दोऱ्याने शिवून टाकला होता. "एकवीस आहेत. विजूच्या हातात दे. मध्ये उघडू नको, हवा लागली की मऊ पडतात," म्हणाली. तिचा हात आता थरथरतो. टाके वाकडेतिकडे होते पण घट्ट होते.

बुधवारी दुपारी मुंबई विमानतळावर आमचा गट रांगेत उभा राहिला. माझ्यापुढे ठाण्याच्या पेंडसेकाकू होत्या. काकूंचे अठरा देश झालेले आहेत आणि हे मला त्यांचं नाव कळायच्या आधी कळलं. पेंडसेकाका बाजूला ट्रॉलीवर बसून शब्दकोडं सोडवत होते. ते मला म्हणाले, "मी हिच्याबरोबर बघायला येत नाही, बसायला येतो. अठरा देशांतले बाक बघून झालेत माझे." मला काका आवडले.

"हातात काय आहे हो?" काकूंनी विचारलं.

"अनारसे. आईने भावासाठी दिलेत."

काकूंनी माझा दंड धरला आणि आवाज खाली आणला. "खसखस? अहो, खसखस तिकडे अजिबात चालत नाही. बंदी आहे. ड्रग्जमध्ये धरतात. माझ्या जावेच्या माहितीतल्या एका बाईंना विमानतळावर बसवून ठेवलं होतं. टाकून द्या, इथल्या इथे."

मी मोबाईलवर शोधलं. काकूंचं खरं होतं. मी त्या शिवलेल्या डब्याकडे बघत राहिले. उघडायला कात्री हवी, कात्री बॅगेच्या तळाशी. रांग पुढे सरकत होती, मागचे लोक ट्रॉली पायाला लावत होते. आणि उघडून करणार तरी काय? अनारसा म्हटला की खसखस, त्यात बघायचं काय, असं मला वाटलं. आई बिचारी, तिला कुठून माहीत असणार या जगाच्या गोष्टी, असंही वाटलं. हे दुसरं वाटणं आता मला जास्त टोचतं. मी रांगेतून बाहेर आले आणि धोतरासकट डबा कचऱ्याच्या पेटीत ठेवला. टाकवेना, म्हणून वाकून ठेवला. परत रांगेत आले तेव्हा काकू म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, भावाला तिकडे सगळं मिळतं."

दुबईच्या तीन दिवसांबद्दल मी फारसं लिहीत नाही. हजारांनी लिहिलंय, माझ्यापेक्षा आनंदाने. खाडी ओलांडायला एका दिरहमची लाकडी होडी आहे, म्हणजे चोवीसेक रुपये, ती मात्र चुकवू नका. बाकी उंच इमारतीच्या गच्चीवर आमच्या गटाने तिकिटाचे पैसे आणि खाली दिसणाऱ्या मोटारी या दोनच विषयांवर चर्चा केली. जेवण मराठी होतं, रोज वरणभात, एकदा साबुदाण्याची खिचडीसुद्धा. गटातल्या निम्म्या लोकांनी तरीही मेतकुटाची पुडी काढली. काकू प्रत्येक ठिकाणी उतरून एकच फोटो काढायच्या आणि म्हणायच्या, "झालं." देश करणं ही क्रिया मी त्यांच्याकडून शिकले. कांदे चिरून झाले, कपडे वाळत घालून झाले, तसे देश करून झाले. मला हसू यायचं आणि मग डबा आठवायचा.

चौथ्या दिवशी अबुधाबी. पांढऱ्या मशिदीच्या अंगणात डोकं झाकून चालताना खरंच गार वाटलं, दगडाचं आणि शांततेचंही. परतीच्या वाटेवर बस मुसफ्फा या कारखान्यांच्या भागावरून गेली. पत्र्याच्या शेड, वेल्डिंगच्या ठिणग्या, एकसारखे निळे डगले घातलेली माणसं कंपनीच्या बसमध्ये चढत होती. खिडकीला डोकी टेकलेली, बरीच झोपलेली. आमचा गाईड मुंबईचा मुलगा होता, तो माईकवर म्हणाला, "इथे बघण्यासारखं काही नाही, यल्ला, चला, पुढे शॉपिंगला वेळ देतो." पेंडसेकाकांनी शब्दकोडं मिटलं आणि ती बस दिसेनाशी होईपर्यंत ते बाहेर बघत होते.

रविवारी गट विमानतळाकडे गेला आणि मी दुबईतल्या देअरातून फुजैराची बस पकडली. पंचवीस दिरहम, सहाशे रुपये, दोन-सव्वादोन तास. बसचं कार्ड आधी स्टेशनवर घ्यावं लागतं, ड्रायव्हर सुटे पैसे घेत नाही. बायकांना पुढच्या रांगा. माझ्या मागच्या बाकावर पन्नाशीचा एक माणूस होता, मांडीवर पिशवी. माझा फोनवरचा आवाज ऐकून त्याने विचारलं, "ताई, तुम्ही कोकणातल्या काय?"

"चिपळूण."

"मग आपलेच की. मी खेडचा. हसन." तो मुसफ्फाच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डर होता. दोन महिन्यांसाठी फुजैराच्या बंदरात टाक्यांच्या कामाला पाठवलेला. सुट्टी म्हणून दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार वस्तीत मेहुण्याला भेटून परत चालला होता. त्या वस्तीला सगळे सोनापूर म्हणतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

"किती वर्षं झाली इथे?" मी विचारलं.

"एकवीस. तुमी काय काय बघितलात?"

मी यादी सांगितली. त्याने मान डोलावली. त्यातलं निम्मं त्याने पाहिलेलं नव्हतं. "मेहुण्याकडे येताना बुर्ज दिसते ना बसमधून. वर कशाला जायचं? वरून आपलं घर थोडंच दिसणार."

डोंगर सुरू झाले. हजर पर्वत मी फळ्यावर तपकिरी खडूने काढते. प्रत्यक्षातही तेवढाच रंग आहे, गवताचं पान नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात, हे जवळूनही कोरडेच. हसनभाईंनी खिशातून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढून दाखवला, तिकीट. "दोन फेब्रुवारीला जाणार, इन्शाल्ला. दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस. अम्मी आहे अजून. अम्मी आहे तोवर जायचं, मग कोण बोलावते?" कागद परत खिशात गेला आणि त्यांनी वरून हात ठेवला. मी पाणी प्यायले आणि त्यांना म्हटलं, आमच्याकडे उलटं आहे. त्यांना ते कळलं नसावं, त्यांनी नुसतं हसून मान हलवली.

फुजैराच्या स्टॉपवर दादा गाडी घेऊन आला होता. केस पांढरे झालेत. फोनवर दिसायचे नाहीत ते. त्याने माझी बॅग उचलली, पिशवी उचलली, आणि एका क्षणासाठी दोन्ही हातांनी वजन करून पाहिल्यासारखं केलं. घरून आलेल्या माणसाच्या पिशवीत काहीतरी असतंच. "आईने काय दिलंय?" त्याने विचारलं.

"काही नाही रे, तिचा हात चालत नाही आता," मी म्हटलं.

"हो, ते आहेच," तो म्हणाला. माझं पहिलं खोटं हे, ब्लॉगवर कबूल करायला हरकत नाही.

दादाचं घर सातव्या मजल्यावर. तो जहाजांना इंधन पुरवणाऱ्या कंपनीत आहे. बाल्कनीतून समुद्रावर नांगर टाकलेली जहाजं दिसतात, मी एकदा मोजली, चाळीसच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. ती तेल भरून घ्यायला येतात आणि जातात. किनाऱ्याला कोणी लागत नाही. स्वयंपाकघरात फ्रीजवर देशांचे मॅग्नेट आहेत, तेवीस. नवव्या इयत्तेतली भाची रिया मला ओळीने दाखवत गेली, "धिस इज बाकू, धिस इज येरेवान, धिस वन वॉज सो कोल्ड, आत्या." मी विचारलं, भारताचा कुठाय? ती म्हणाली, "बट आत्या, इंडिया इज नॉट अ ट्रिप." तिला त्यात काही लागट म्हणायचं नव्हतं.

मधुरावहिनी सरळ बोलणारी आहे. दुसऱ्या दिवशी भेंडी चिरता चिरता ती म्हणाली, "ताई, तुम्हाला राग येईल, पण सांगते. इंडियाला गेलं की ती लीव्ह संपते, सुट्टी होत नाही. सगळ्यांना परफ्यूम, सगळ्यांना चॉकलेट, मग बँक, दाताचा डॉक्टर, माझं माहेर, तुमचं घर. परत येऊन मी आजारी पडते. जॉर्जियाला साडेतीन तास लागतात. तिथे कोणी विचारत नाही की वजन का वाढलं."

"खरं आहे," मी म्हटलं. खरंच होतं ते. गेल्या वेळी वजनाचं मीच विचारलं होतं.

तिने विळी बाजूला ठेवली. "पण मी त्यांना म्हणाले होते हं, एकटे जाऊन या. चार वेळा म्हणाले. ते ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी देशाचं पॅकेज घेऊन येतात. मला पण आता विचारायची भीती वाटते."

मधल्या दिवसांत दादाने मला सगळं दाखवलं. बिदियाची जुनी मातीची मशीद, एवढीशी, आमच्या शाळेच्या वर्गाएवढी. तिथे खूप वेळ बसावं असं वाटलं. किनाऱ्यावरच्या मासळीबाजारात सुरमई घेऊन पलीकडच्या दुकानात तिथल्या तिथे भाजून मिळते, रिया धरून तिघांना साठ दिरहम लागले, चौदाशे रुपये. दादा गाडी चालवताना सतत माहिती द्यायचा, रस्ता कधी झाला, बोगदा केवढा, पाणी कुठून येतं. मी भूगोलाची बाई, पण वर्गात मी इतकी बडबड करत नाही. थांबला तर मी विचारीन, हे त्याला माहीत होतं.

बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघंच किनाऱ्यावर चालायला गेलो. मी विचारलंच. "दादा, आई पडली होती, माहितीय ना? तू कधी येणार?"

तो जहाजांकडे वळला. "लीव्हचा प्रॉब्लेम नाही गं. लीव्ह पडून आहे."

"मग?"

"तू हसशील. आपल्याकडे पाय ठेवला की पहिला प्रश्न काय? कधी आलास. दुसरा? कधी जाणार. रिक्षावाला विचारतो, दूधवाला विचारतो, जिन्यात भेटेल तो विचारतो. बाबा दाराशी उभे राहून विचारायचे, अजून चपला काढलेल्या नसायच्या. मला राग यायचा त्याचा. आता विचारणारं ते माणूस दारात नसणार. मी त्या दिवशी इथेच होतो, या इथे, आणि फोनमध्ये तुझा हात हलत होता. मला नीट दिसलंसुद्धा नाही नीले. मी तिकडे आलो की मग ते खरं होईल. तेवीस देश फिरलो, कुठेच मला कोणी विचारत नाही कधी आलास म्हणून. बरं वाटतं."

मला वाटत होतं मी भांडेन. सहा वर्षांचं भांडण मी मनात घोटून तयार ठेवलं होतं. पण माझा हात हलत होता हे ऐकल्यावर ते भांडण तिथेच राहिलं. त्या दिवशी मी रडत होते, म्हणून हात हलत होता. आम्ही गाडीपर्यंत चालत गेलो आणि त्याने मला बोगद्याच्या लांबीबद्दल पुन्हा सांगितलं.

शुक्रवारी सकाळी सगळे एकाच गाडीतून दुबई विमानतळावर गेलो. ते तिबिलिसीला, म्हणजे जॉर्जियाला, मी मुंबईला. रियाने गळ्यात उशी घातली होती आणि वहिनीने सगळ्यांचे जाड कोट एका बॅगेत भरले होते. फलकावर दोन्ही विमानं एकाखाली एक होती, मध्ये फक्त एका ओळीचं अंतर. वहिनी आणि रिया सामान द्यायला गेल्या आणि आम्ही दोघं खांबाजवळ उभे राहिलो. मी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"दादा, आईने अनारसे दिले होते. मुंबईला कचऱ्यात टाकले मी. खसखस चालत नाही म्हणे."

"नाही चालत," तो म्हणाला. "बरं केलंस." मग त्याने विचारलं, "किती होते?"

"एकवीस. डबा धोतरात शिवून दिला होता. बाबांच्या."

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. फलकावर तिबिलिसीपुढे दाराचा नंबर आला. "मार्चमध्ये बघतो," तो म्हणाला. "रियाची परीक्षा झाली की. इन्शाल्ला."

वहिनी मागून आलेली होती. तिने ऐकलं आणि माझ्याकडे पाहून हलकेच खांदे उडवले. त्या आठवड्यात हा शब्द मी पुष्कळ ऐकला होता. प्लंबर कधी येणार, इन्शाल्ला. नळ अजून गळत होता. पण हसनभाईंच्या खिशावरचा हातही मी पाहिलेला होता, त्यामुळे दादाचं कोणत्या जातीचं ते मला ठरवता येईना. विमानात सगळा वेळ मी तेच ठरवत होते.

शनिवारी संध्याकाळी चिपळूणला पोचले. आई वॉकर धरून दारातच उभी होती. पाया पडायच्या आत तिने विचारलं, "येतो म्हणाला?"

"मार्चमध्ये येतोय," मी म्हटलं. बघतो नाही म्हटलं, इन्शाल्लाही नाही म्हटलं. "रियाची परीक्षा झाली की."

आईचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आपलं काम झालं. तिने खुर्चीत बसून नव्या वर्षाचं कॅलेंडर मागितलं, माझ्या मागे येऊन पडलेलं होतं. मार्चचं पान काढलं आणि पेन्सिल मागितली. मी पेन्सिल दिली. बोटांत पेन्सिल धरून तिने विचारलं, "आणि अनारसे? खाल्ले का?"

"खाल्ले म्हणजे काय, दोन दिवसांत फस्त," मी म्हटलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तिला अजून आनंद द्यावा अशी मला हौस. "म्हणाला, आईच्या अनारशाची खसखस कशी खमंग लागते, इथे असं काही मिळत नाही."

आईची पेन्सिल पानावर थांबली. मग ती म्हणाली, "रव्यावर थापले होते मी."

मला आधी कळलंच नाही.

"विजूने फोनवर सांगितलं होतं एकदा. रिया लहान होती तेव्हा. आई, खसखस पाठवू नको कोणाबरोबर, इकडे पकडतात. म्हणून बारीक रव्यावर थापले. जरा निबर झाले असतील. तुला सांगायचं राहिलं." आवाजात राग नव्हता. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं, वर्गात मी पाहते तसं, मुलाच्या वहीत दुसऱ्याचं अक्षर सापडल्यावर.

मी सगळं सांगायला तोंड उघडलं. विमानतळ, काकू, रांग, कचऱ्याची पेटी. तिने हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाली, "दमून आलीस. आधी हातपाय धू."

मी हातपाय धुऊन आले तेव्हा कॅलेंडर खिळ्याला लागलेलं होतं, जानेवारीचं पान वर. पेन्सिल टेबलावर होती. रात्रीच्या जेवणाला तिने फुजैराचा समुद्र कसा आहे, वहिनीचा गुडघा कसा आहे, रिया किती उंच झाली, सगळं विचारलं. मार्चचं विचारलं नाही. मी आपणहून म्हटलं, "आई, मार्चचं खरं आहे गं, तो म्हणाला आहे." ती म्हणाली, "हो, हो," आणि मला आणखी भात वाढला.

दादाला मी त्याच आठवड्यात फोन केला आणि रव्याचं सांगितलं. तो म्हणाला, "तिच्या लक्षात होतं?" आणि फोन ठेवला. मॅग्नेट आता चोवीस झाले असतील. त्याने तिकीट काढलंय की नाही, मला अजून माहीत नाही. विचारायचं धाडस होत नाही, आणि आई विचारत नाही.

जाणाऱ्यांसाठी शेवटची माहिती. नोव्हेंबरचं हवामान उत्तम, संध्याकाळी पातळ शाल पुरते. बसचं कार्ड आधी घ्या. खसखस नेऊ नका. आणि घरून कोणी डबा शिवून दिला असेल तर टाकण्याआधी कात्री शोधा, रांग गेली तरी चालेल. मी शोधली नाही. आईने मार्चच्या पानावर काही लिहिलंय का हे मी दोनदा पान उचलून पाहिलं. काही लिहिलेलं नाही.